बी.कॉम.च्या मुलांना ऑफिसचं इंग्रजी शिकवायचंय? पुस्तक राहू द्या, टेबलावरचे कागद गोळा करा

पत्र: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. येत्या जूनपासून अकाउंटन्सी घेतलेल्या एस.वाय.च्या 60 मुलांसाठी ‘नोकरीतलं इंग्रजी’ असा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा, 50 गुणांचा कोर्स मला बसवायचा आहे. गेल्या वर्षी व्याकरण, ग्रुप डिस्कशन आणि मुलाखतीची तयारी घेतली. दोन महिन्यांत वर्गात पंधरा-वीस मुलं उरली. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, तोंड उघडायला लाजतात. मला स्वतःला हिशेबातलं काही कळत नाही. काय शिकवू, कोणतं पुस्तक लावू, परीक्षा कशी घेऊ?

उत्तर:

नमस्कार मॅडम,

पुस्तकाचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. बाजारातली ‘बिझनेस इंग्लिश’ची जाडजूड पुस्तकं या मुलांसाठी लिहिलेलीच नाहीत. त्यातला अकाउंटंट लंडनच्या ऑफिसात बसतो, व्हॅट भरतो आणि क्लायंटला जेवायला नेतो. तुमचा विद्यार्थी चिपळूणच्या सीएकडे, लोटे परशुरामच्या एखाद्या कारखान्यात, मिरकरवाड्याच्या मासळी निर्यातदाराकडे किंवा लांज्याकडच्या काजू फॅक्टरीत बसणार, नाहीतर नवी मुंबई गाठणार. तिथे रोज जे कागद टेबलावर येतात, तेच तुमचं पाठ्यपुस्तक.

मुलांना इंग्रजी येत नाही, हेही अर्धंच खरं आहे. डेबिट नोट, डेप्रिसिएशन, सन्ड्री डेटर्स, आउटस्टँडिंग, रिव्हर्सल हे शब्द ती मराठीत बोलतानाही इंग्रजीतच वापरतात. नामं त्यांच्याकडे ढीगभर आहेत. अडतं ते त्या नामांना जोडणाऱ्या क्रियापदाशी आणि शब्दयोगी अव्ययाशी. एन्ट्री ‘पास’ करतात, इन्व्हॉइस ‘रेझ’ करतात, बुडीत रक्कम ‘राइट ऑफ’ करतात, टॅक्स पेमेंट‘मधून’ डिडक्ट होतो, रक्कम अमुक तारखे‘ला’ ड्यू असते. अशा साठ-सत्तर जोड्या पक्क्या झाल्या की निम्मं काम झालं. काळांचा तक्ता पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलात की मुलं ओळखतात, हे दहावीचंच आहे, आणि मागच्या दाराने एसटी स्टँड गाठतात.

कागद कसे मिळवायचे

सुट्टीत आठ ठिकाणी जा: दोन सीए, एक जीएसटीची कामं करणारे, दोन एमआयडीसीतले कारखाने, एक निर्यातदार, एक काजू किंवा आंबा प्रक्रिया युनिट आणि एक बऱ्यापैकी मोठं हॉटेल. पतसंस्था वगळल्या तरी चालेल, त्यांचं बहुतेक काम मराठीत चालतं. मालकाला विचाराल तर तो ‘मुलांना कॉन्फिडन्स नाही हो’ एवढंच सांगेल आणि चहा पाजेल. हेड अकाउंटंटला गाठा. त्याच्याकडे तीनच गोष्टी मागा: गेल्या पंधरा दिवसांत बाहेर गेलेले इंग्रजी मेल, इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेल्या फोनचे विषय, आणि नवीन पोरगा पहिल्या महिन्यात हमखास कुठे चुकतो ते.

जायची वेळ सांभाळा. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) आणि 20 तारखेला 3बी (कर भरण्याचं विवरणपत्र) भरायची मुदत असते, तेव्हा कुणी तुमच्याकडे बघणारही नाही. 22 ते 28 हा बरा काळ. जुलैचा शेवट आणि अख्खा सप्टेंबर सीएच्या दारात जाऊ नका.

मिळालेल्या कागदांवरची नावं, पॅन, जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक), खाते क्रमांक खोडायलाच हवेत. इथे एक गोष्ट हटकून चुकते. काळ्या मार्करने खोडलेला कागद उजेडात धरला की आकडे दिसतात. म्हणून खोडून पुन्हा झेरॉक्स काढा आणि तीच वापरा. पीडीएफवर काळा चौकोन ओढला तर खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच राहतो आणि कॉपी करता येतो. तेव्हा प्रिंट काढा, खोडा, मग स्कॅन करा. हे सगळं करणार असल्याचं ऑफिसला आधी सांगितलंत तर कागद मिळायलाही सोपे जातात.

एकच व्यवहार, शेवटपर्यंत

सुटे नमुने शिकवू नका. आज चौकशीचं पत्र, उद्या तक्रारीचं, परवा माफीचं असं केलं की मुलांना कशाचा कशाशी संबंध लागत नाही. एकच विक्री घ्या आणि तिच्यामागे चौदा तास चाला. हा व्यवहार तयारच देतो.

लांज्याची एक काजू फॅक्टरी बंगळूरच्या घाऊक व्यापाऱ्याला डब्ल्यू-320 ग्रेडचे 40 डबे पाठवते. डबा 10 किलोचा, दर किलोला 800 रुपये. माल 3,20,000 चा, त्यावर 5 टक्के आयजीएसटी (परराज्यात विकलेल्या मालावरचा जीएसटी) 16,000, एकूण बिल 3,36,000. बिल क्रमांक 117, तारीख 4 ऑगस्ट, मुदत 30 दिवस, म्हणजे पैसे 3 सप्टेंबरला यायला हवेत. माल पोचल्यावर तीन डबे फुटलेले निघतात. फॅक्टरी 24,000 अधिक कर 1,200 अशी 25,200 ची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद) देते. राहिले 3,10,800. व्यापारी 16 सप्टेंबरला 2,96,000 पाठवतो आणि गप्प बसतो. 14,800 कुठे गेले?

हा प्रश्न वर्गात टाका आणि थांबा. कुणीतरी गणित मांडेल: 37 डब्यांचा माल 2,96,000 चा आणि त्यावरचा 5 टक्के कर बरोबर 14,800. व्यापाऱ्याने नेमका कर अडवून ठेवलाय. का? कारण 14 तारखेला त्याची जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी त्याच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) निघाली आणि त्यात हे बिल दिसलं नाही. आपल्या माणसाकडून ते जीएसटीआर-1 मध्ये टाकायचंच राहिलं. बिल 2बीत दिसेपर्यंत त्याला कराचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, म्हणून तो तेवढी रक्कम देत नाही. कोकणातल्या छोट्या युनिटांना बाहेरच्या राज्यातून येणारे बरेचसे ताठ मेल याच कारणाने येतात.

या एका व्यवहारातून ऑर्डरची पोच, बिलासोबतचा मेल, फुटक्या डब्यांच्या तक्रारीला उत्तर, क्रेडिट नोटचा मेल, रकमेची आठवण, चूक कबूल करून दुरुस्ती कधी दिसेल ते सांगणं, खातेउतारा आणि 31 मार्चच्या बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे बाकी रक्कम कबूल करून घेण्याचं पत्र, असे आठ कागद निघतात. मुलांनी वहीत लेजरही (व्यापाऱ्याचं खातं) लिहावं. आकडा जुळला नाही तर मेल पाठवायचा नाही, असा नियम करा. हिशेब तुम्हाला कळत नाही ही उलट सोय आहे. ‘क्रेडिट नोट आपण का दिली, मला इंग्रजीत समजावून सांग’ हे तुम्ही खऱ्या अज्ञानातून विचाराल आणि मुलगा खरंच समजावेल. फक्त प्रत्येक नव्या कागदाच्या वेळी अकाउंटन्सीच्या सरांना पहिली दहा मिनिटं वर्गात बोलवा. आकडे आणि नियम त्यांनी तपासावेत, तुम्ही त्यात पडू नका.

आता आठवणीचा मेल जवळून बघू. मुलं साधारण असं लिहितात: ‘रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू अबव्ह सब्जेक्ट, युवर पेमेंट इज पेंडिंग सिन्स मेनी डेज, काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.’ तुम्ही यात ‘सिन्स’ला लाल गोल कराल. पण खरी अडचण ती नाही. बंगळूरच्या माणसाकडे दोनशे पुरवठादार आहेत. कुठलं बिल, किती रक्कम, कधीपासून, त्याने नेमकं काय करायचं आणि कधीपर्यंत, यातलं काहीच त्याला कळत नाही. तो मेल बाजूला टाकतो.

तोच मेल असा व्हावा: ‘इन्व्हॉइस 117, डेटेड 4 ऑगस्ट, फॉर रुपीज 3,36,000 वॉज ड्यू ऑन 3 सप्टेंबर. आफ्टर अवर क्रेडिट नोट फॉर 25,200 अँड युवर पेमेंट ऑफ 2,96,000, द बॅलन्स इज 14,800. कुड यू प्लीज टेल अस बाय फ्रायडे व्हाय धिस अमाउंट हॅज बीन हेल्ड बॅक?’ विषयाच्या ओळीत बिल क्रमांक आणि बाकी रक्कम. मेलमध्ये मागणं एकच. शेवटचं वाक्य प्रश्न आहे हे मुलांच्या लक्षात आणून द्या. ‘पैसे द्या’ म्हटलं तर भांडण होतं, ‘का थांबलेत’ विचारलं तर कारण कळतं, आणि इथे कारण आपलीच चूक आहे.

याच मेलच्या तीन पायऱ्या करा: मुदतीआधी चार दिवस, मुदत उलटून आठवड्याने, आणि महिन्याने. मुलांचा सूर पहिल्या पायरीला फार मवाळ असतो आणि दुसऱ्याच पायरीला एकदम ‘यू हॅव टू पे’वर जातो. आपल्या मराठी ‘द्यावे लागतील’चं ते सरळ रूप, पण इंग्रजीत ते दटावल्यासारखं लागतं. तिसऱ्या मेलमध्ये तारीख आणि पुढचं पाऊल ठामपणे यायला हवं, आवाज न चढवता. फॅक्टरी ‘सूक्ष्म’ किंवा ‘लघु’ उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर व्यापाऱ्याला लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत, हे 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. त्याचा एका ओळीत उल्लेख कसा करायचा ते इथे शिकवा.

फोन

सहा तास फोनला द्या. यात ‘हॅलो, हाउ आर यू’ नको. फोनवर चुका होतात त्या आकड्यांत आणि अक्षरांत. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. ए आणि एट. एम-एन. बी-डी-पी-टी. आपली मुलं ‘झेड’ म्हणतात ते चेन्नईच्या माणसाला ‘जे’ ऐकू येतं.

प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं श्रुतलेखन घ्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाने जीएसटीआयएन सांगायचा, दुसऱ्याने लिहून घ्यायचा आणि पुन्हा वाचून दाखवायचा. पुन्हा वाचून दाखवणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि मुलं तोच गाळतात. पंधरा अक्षरं सलग म्हणू देऊ नका: 2-5-4-1-3 असे गट पाडा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला 27. पुढची दहा म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. उरलेल्या तिनात मधलं बहुतेक वेळा झेड. आयएफएससी (बँक शाखेचा कोड) अकरा अक्षरांचा, त्यातलं पाचवं नेहमी शून्य, ‘ओ’ नव्हे. रचना माहीत असली की ऐकण्यातली चूक जागीच सापडते. सरावाचे नंबर बनवताना शेवटचा तपास-अंक मुद्दाम चुकीचा ठेवा, म्हणजे तो कुणा खऱ्या माणसाचा निघणार नाही.

मग पूर्ण फोन. काजूचा ट्रक आंबा घाटात बंद पडला. कोल्हापूरहून एमएच-09 ची दुसरी गाडी आली. ई-वे बिलाच्या (मालासोबतच्या जीएसटीच्या वाहतूक-कागदाच्या) भाग-बीमध्ये गाडीचा नवा नंबर टाकायचा आहे, बंगळूरला माल एक दिवस उशिरा पोचेल हे कळवायचं आहे, आणि ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने संपत आली आहे. तीन मिनिटांत तीन गोष्टी. यातली एक गोष्ट बरीच मुलं विसरतात, कारण ती फोन लावण्याआधी कागदावर मुद्दे लिहून घेत नाहीत. तेही शिकवा: चिठ्ठी आधी, फोन नंतर.

ऐकण्याच्या सरावाला ब्रिटिश ध्वनिफिती नकोत. कोची, अहमदाबाद, बंगळूर इथे ओळखीचं कुणी असेल तर एकेक मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागवा. मासळीवाल्यांना कोचीचा इंग्रजी उच्चार रोज ऐकावा लागतो.

निर्यातीत जाणाऱ्यांसाठी एक तास आकड्यांच्या लिखाणाला ठेवा. आपलं 12,50,000 तिकडे 1,250,000 असतं. 10 लाखाचा एक मिलियन. आणि 03/04 ही तारीख आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकेला 4 मार्च. बाहेरदेशी जाणाऱ्या कागदावर महिना अक्षरात, ही सवय लावून टाका.

वर्गात मराठी बंद करू नका

इथे आम्ही जरा हट्टाने बोलतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्यास दंड, हा प्रकार या कोर्सचा जीव घेतो. कोकणातल्या अकाउंटंटचं काम दोन्ही भाषांत चालतं. मालक मालवणीत नाहीतर संगमेश्वरीत बोलतो, नोटीस इंग्रजीत येते, आणि मधे हा मुलगा असतो. म्हणून चार तास फक्त एका भाषेतून दुसरीत ने-आण.

जीएसटीची एएसएमटी-10 नोटीस घ्या. विवरणपत्रांत फरक दिसला की ती येते, बऱ्याचदा जीएसटीआर-1 आणि 3बी जुळत नाहीत म्हणून. मुलाने ती वाचून मालकाला मराठीत चार वाक्यांत सांगायचं: कुणाकडून आली, कुठल्या काळाची, फरक किती आणि कशात, उत्तर कधीपर्यंत. मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची असते आणि ती नोटीस मिळाल्यापासून मोजतात. मुलं हटकून नोटिशीवरच्या कायद्याच्या कलमांत अडकतात आणि तारीख सांगायची राहते. उत्तराचा मसुदा मात्र त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. ते सीएचं काम, आणि ते त्याच्याकडे सोपवायचं हेही शिकण्यासारखंच आहे.

उलटी बाजू: तुम्ही मालक व्हा आणि फोनवर बोलतात तसं तुटक मराठीत सांगा. ‘अरे त्या बेंगलोरवाल्याला कळव, डबे फुटले ते आपले मान्य, पण पुढच्या वेळी फोटो दोन दिवसांत पाठव म्हणावं.’ मुलाने त्याचा साठ शब्दांत सभ्य इंग्रजी मेल करायचा. जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर विमा कंपन्यांना कराव्या लागलेल्या पत्रव्यवहारासारखा दावाही इथे घेता येईल: किती माल भिजला, कोणत्या तारखेच्या स्टॉकनुसार, पंचनामा जोडलाय का. अकाउंटन्सीचे सर आले असतील तर ते सांगतील की नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट परतही करावं लागतं.

सीएकडे आर्टिकलशिपला (प्रशिक्षणाला) जाणाऱ्यांसाठी दोन तास ऑडिट क्वेरीला, म्हणजे हिशेब तपासताना क्लायंटला विचारायच्या शंकांना. ‘तुम्ही व्हाउचर दिलं नाही’ असं लिहिलं की क्लायंट चिडतो. ‘व्हाउचर 214 चा आधार मिळाला नाही, कृपया पाठवावा’ या वळणाचं कर्मणी वाक्य तिथे चालतं. तुम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलेला पॅसिव्ह व्हॉइस शेवटी इथे कामाला येतो. याच वेळी शब्दांच्या जोड्याही करून द्या. मुलांच्या पुस्तकात सन्ड्री डेटर्स (येणेकरी) असतं, 2013 च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये ट्रेड रिसीव्हेबल्स. स्टॉकला तिथे इन्व्हेंटरीज म्हणतात. नवी मुंबईच्या ऑफिसात पहिल्या दिवशी हे अडतं.

वेळापत्रक आणि परीक्षा

आठवड्याला दोन तास सलग घ्या, सकाळी. दुपारनंतर ठेवलात तर गावाकडची एसटी जिंकेल. गणपतीच्या सुट्टीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा वर्ग भरणार नाही असंच धरून चाला, तेव्हा नवा भाग सुरू करू नका. पहिल्या दोन तासांत शिकवू नका. फुटक्या डब्यांच्या तक्रारीचा मेल द्या आणि पंधरा मिनिटांत उत्तर लिहायला सांगा. गुण देऊ नका, कागद जपून ठेवा. शेवटच्या आठवड्यात तोच मेल पुन्हा द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्राचार्यांना वेगळा अहवाल लागणार नाही.

साठ मेल तपासत बसलात तर तुम्हीच महिन्याभरात कोर्स सोडाल. चौघांचा एक गट, गटात एकमेकांचं तपासणं, आणि प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून एक मेल तुमच्याकडे. साठाचे पंधरा होतात. चिठ्ठी कुणाची निघेल माहीत नसल्याने चौघंही नीट लिहितात.

मोबाइलवरच्या एआयला बंदी घालून उपयोग नाही. पहिला मसुदा हाताने, नंतर हवं तर त्याची मदत, पण क्लायंटचा कुठलाही नंबर त्यात टाकायचा नाही. एआयचा मेल दीडशे शब्दांचा आणि ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ने सुरू होणारा येतो. तो साठ शब्दांवर आणायला सांगा. हा सराव फार चांगला होतो.

50 गुणांचं आम्ही असं करू: मेल 15, फोन 10, नोटिशीचा मराठी सारांश 10, श्रुतलेखन 5, कोर्सभराच्या कागदांची फाइल 10. तोंडी परीक्षा जोडीने घ्या. तीस जोड्या, चार मिनिटांची एक, म्हणजे बरोबर दोन तास. गुण देताना एक नियम पाळा: रक्कम, तारीख किंवा क्रमांक चुकला तर त्या कामाला शून्य, आणि अर्थ न बदलणाऱ्या व्याकरणाच्या चुकीला वजावट नाही. सुरुवातीला आरडाओरडा होईल, इंग्रजी विभागातूनच जास्त. तरी बदलू नका. ऑफिसात ‘अ’ आणि ‘द’ची चूक कुणी बघत नाही, चुकीच्या खात्यात गेलेले पैसे मात्र सगळे बघतात.

मुलाखत आणि बायोडेटा प्लेसमेंट सेलकडे सोपवा. ग्रुप डिस्कशन सोडून द्या.

अभ्यासमंडळापुढे कागदावर युनिटं दाखवावीच लागतील. ती अशी मांडा: व्यवहाराचा पत्रव्यवहार 16 तास (सुरुवातीचे दोन धरून), दूरध्वनी आणि आकडे 6, शासकीय नोटिसा आणि द्विभाषिक सारांश 4, ऑडिट क्वेरी आणि चाचणी 4. संदर्भग्रंथांचा रकाना रिकामा सोडला तर प्रस्ताव परत येतो. तिथे कंपनी कायद्याचं परिशिष्ट तीन, जीएसटी पोर्टलवरचे नमुने आणि ग्रंथालयात आहे तो कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश लिहा.